यवतमाळ जिल्ह्यातील सराटा : एका न पेरलेल्या औषधीचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीचे दोन ठळक भाग पडतात. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी, खोल, कापसाची जमीन हा एक. आणि जिल्ह्याच्या मध्यातून गेलेल्या डोंगराळ पठारावरील उथळ, मुरमाड, बरड जमीन हा दुसरा. मृगाचा पाऊस पडून आठवडा-पंधरवडा लोटला, की या बरडावर, शेतांच्या धुऱ्यांवर, गाडवाटांच्या कडेला आणि गावठाणाच्या मोकळ्या जागेत एक वनस्पती जमिनीला बिलगून चारी दिशांनी पसरू लागते. तिची पाने हरभऱ्याच्या पानांसारखी संयुक्त असतात. फुले लहान, पिवळी, पाच पाकळ्यांची. ती सकाळी उमलतात आणि फार वेळ टिकत नाहीत. फळ मात्र असे काटेरी असते, की एकदा पायात रुतल्यावर मनुष्य ते विसरत नाही. मराठीत या वनस्पतीला सराटा म्हणतात. वैद्यक ग्रंथांतील गोक्षुर तो हाच. लिनीयसने १७५३ साली त्यास ‘ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस’ हे शास्त्रीय नाव दिले.

वैद्याच्या लेखी सराट्याचे स्थान फार वरचे आहे. शेतकऱ्याच्या लेखी तो निव्वळ तण. शतकानुशतके औषधात वापरली जात असूनही ही वनस्पती पेरून वाढविण्याचे पीक म्हणून शेतकऱ्याने कधी मानली नाही. हळद पेरली गेली, आले पेरले गेले, पानपिंपळीचे मळे शेजारच्या अकोला व अमरावती जिल्ह्यांत उभे राहिले. सराटा तेवढा वेचण्याचाच राहिला. ‘जे फुकट उगवते ते कोण पेरील?’ एवढे उत्तर या बाबतीत पुरेसे नाही. त्याचा अर्धा भाग वऱ्हाडच्या शेतीच्या इतिहासात आहे आणि उरलेला अर्धा त्या काटेरी फळाच्या पोटात आहे.

प्रथम नावांचा विचार केला पाहिजे, कारण या वनस्पतीच्या बाबतीत नावांनी पुष्कळ घोटाळा केला आहे. गोक्षुर म्हणजे गाईच्या खुरात रुतणारा वस्तऱ्यासारखा काटा. त्रिकंटक, श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याची दाढ, स्वादुकंटक, आणि पानांच्या साम्यामुळे चणद्रुम, अशी त्याची आणखी संस्कृत नावे आहेत. त्यांपैकी बहुतेक नावे काट्यावरून पडली आहेत, आणि ती ठेवणारा मनुष्य अनवाणी चालणारा किंवा गुरे राखणारा असावा यात शंका वाटत नाही. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून लिनीयसने आपले नाव घेतले त्याचाही अर्थ तीन टोकांचा काटा असाच आहे. शत्रूच्या घोड्यांच्या व हत्तींच्या वाटेवर पसरावयाच्या लोखंडी काट्यांनाही आपल्याकडे गोखरू म्हणत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ज्या त्या कामी कोणते द्रव्य श्रेष्ठ हे सांगताना, मूत्रकृच्छ्र व वात यांवर गोक्षुराला अग्रस्थान दिले आहे. शालिपर्णी, पृश्निपर्णी, रिंगणी, डोरली आणि गोक्षुर ही लघुपंचमुळे होत. बेल, टेंटू, शिवण, पाडळ व अरणी या पाच वृक्षांची मुळे त्यांत मिळविली की दशमुळे होतात. दशमूलारिष्टात आणि च्यवनप्राशातही सराटा येतो तो या मार्गाने. अष्टांगहृदयात सांगितलेले गुळवेल, गोखरू व आवळा यांचे रसायनचूर्ण आणि शार्ङ्गधरातील गोक्षुरादि गुग्गुळ हे त्याचे आणखी दोन प्रसिद्ध उपयोग होत. दशमुळांपैकी पाच द्रव्ये जंगलातील मोठ्या वृक्षांची, आणि त्यांच्या बरोबरीने बसलेला सराटा पायाखाली तुडविला जाणारा, ही गोष्ट मौजेची आहे. शास्त्रानुसार दशमुळांत त्याचे मूळ घ्यावयाचे. व्यवहारात मात्र फळ किंवा सबंध वेल, म्हणजे पंचांग, वापरण्याचाच प्रघात पडला. मूळ बारीक व तंतुमय असते आणि ते खणून काढण्याच्या श्रमांच्या मानाने पदरात फारसे पडत नाही.

लोकभाषेतील घोटाळा निराळाच आहे. बाजारात ‘लहान गोखरू’ व ‘मोठे गोखरू’ असे दोन प्रकार मिळतात. त्यांतील मोठे गोखरू हे पेडालियम म्युरेक्स या अगदी वेगळ्या कुळातील वनस्पतीचे फळ होय. ती मुख्यतः पश्चिम व दक्षिण भारतातील समुद्रकाठच्या व कोरड्या रेताड प्रदेशांतली. तिचा ताजा पाला पाण्यात ढवळला की पाणी बुळबुळीत होते. सराट्याने तसे होत नाही. पारख करण्यास ही खूण पुरेशी आहे. याखेरीज झँथियम नावाच्या, अंगाला चिकटणारी फळे येणाऱ्या उंच तणालाही काही ठिकाणी गोखरूच म्हणतात. ते औषधी गोखरू नव्हे. त्याचे बी व कोवळे अंकुर गुरांना विषारी ठरतात. नामसाम्यावर विसंबून वेचणी करणाऱ्यास या तिसऱ्या गोखरूने मोठा धोका आहे. वऱ्हाडातील स्वयंपाकघरात उलथण्यालाही सराटा म्हणतात. त्याने गोंधळ होण्याचा संभव नाही, परंतु परगावच्या माणसाला ‘सराटा दे’ म्हटल्यावर क्षणभर विचारात पडावे लागते.

आता फळाकडे वळू. सराट्याचे पक्व फळ पाच शकलांत फुटते. प्रत्येक शकलाला दोन लांब व दोन आखूड असे टणक काटे असतात. शकल जमिनीवर कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतोच. खूर, पायताण, बैलगाडीची धाव, पुढे सायकलची व मोटारीची चाके ही त्याची वाहने झाली ती यामुळे. परंतु खरे कौशल्य आतल्या रचनेत आहे. एकेका शकलात दोनपासून चारपर्यंत बिया एकीपुढे एक कप्प्यांत बसविलेल्या असतात आणि त्या सारख्या आकाराच्या नसतात. सर्वांत मोठी बी प्रथम रुजते. बाकीच्या त्याच कवचात, त्याच मातीत, एक-दोन किंवा अधिक वर्षे निजून राहतात आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात वर येतात. शिवाय नुकते पिकलेले बी लगेच रुजतही नाही. काही महिने सुप्त राहून, जमिनीत ऊब व ओल एकदम आली म्हणजेच ते जागे होते. दिवाळीच्या सुमारास गळलेले फळ अवकाळी पावसाने फसत नाही. ते मृगाची वाट पाहते.

या रचनेचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा, की सराटा आपले सगळे बियाणे एका हंगामाच्या भरवशावर टाकीत नाही. पहिला पाऊस पडून रोपे उगवली आणि मागाहून पंधरा दिवसांची उघडीप पडली, तर कपाशीवाल्याला दुबार पेरणी करावी लागते. सराट्याची पहिली तुकडी मेली तरी दुसरी कवचात शिल्लक असते. ज्या प्रदेशात पावसाच्या लहरीवर सारे अवलंबून, तेथे हे तण टिकले याचे नवल नाही. मात्र याच गुणामुळे ते पीक होण्यास नालायक ठरले. पीक म्हणजे एकाच वेळी रुजणारे, एकाच वेळी पिकणारे आणि कापणीपर्यंत दाणा कणसात धरून ठेवणारे. ज्वारी, गहू, तीळ यांना मनुष्याने हजारो वर्षे निवडून निवडून ही शिस्त लावली. सराट्याला ती कोणी लावली नाही. त्याची फळे जून-जुलैपासूनच्या वाढीत एकामागून एक धरतात. बुडख्याजवळची पिकून गळतात तेव्हा शेंड्याकडे फुले येतच असतात.

तथापि सराटा कोणी पेरला नाही हे विधान एका अर्थी खरे नाही. मनुष्याने तो मुद्दाम पेरला नसला तरी नकळत पेरला, आणि यवतमाळ जिल्ह्यात तर फार मोठ्या प्रमाणावर पेरला. येथे वऱ्हाडच्या इतिहासाचा धागा येतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. त्या वेळी वऱ्हाडच्या आग्नेयेकडील हा भाग विरळ वस्तीचा होता. पुढे त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘वून’, म्हणजे वणी, असे होते. १९०५ मध्ये वऱ्हाडची पुनर्रचना झाली तेव्हा त्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका वाशीमकडून त्यात आला. पडीत जमीन येथे मुबलक होती आणि कोलाम, गोंड, परधान, आंध या जमातींची व बंजाऱ्यांच्या तांड्यांची उपजीविका बऱ्याच अंशी तिच्यावर व जंगलावर चाले. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व रयतवारी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद लोहमार्गही झाला, तो कापसासाठीच. या अर्धशतकात वऱ्हाडातील पडीत जमीन किती झपाट्याने नांगराखाली आली आणि तिच्याबरोबर गुरांची चराई कशी आटली, याचे विवेचन लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील १९९७ च्या ग्रंथात व गुरांविषयीच्या २००४ च्या ग्रंथात केले आहे.

सराट्याला या घडामोडीने अपाय झाला असेल असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती उलट असली पाहिजे. सराटा हा दाट गवताचा सोबती नव्हे. गवताच्या सावलीत त्याचा जीव गुदमरतो. त्याला उघडी, मोकळी केलेली, उन्हाने तापलेली माती लागते. कपाशीचे शेत त्याला नेमके तेच देई. उन्हाळ्यात वखरलेली जमीन, तासांमध्ये राखलेले रुंद अंतर, आणि कपाशीची सावली जमिनीवर पसरेपर्यंत मिळणारे दोन महिने एवढे त्यास पुरते. वखराच्या पाशीने शकले मातीत योग्य खोलीवर गाडली जात. बैलांच्या खुरांनी व कापसाच्या गाड्यांनी ती एका शेतातून दुसऱ्या शेतात, आणि तेथून बाजाराच्या वाटेवर जात. मँचेस्टरसाठी पेरलेल्या प्रत्येक एकरात, वैद्यासाठी म्हणा किंवा कोणासाठीही नव्हे असे म्हणा, सराटाही पेरला जात होता.

त्याच्याशी झुंज देण्याचे काम डवऱ्याचे व निंदणाऱ्या बायांचे. डवऱ्याची पास तासांतून फिरते आणि सराट्याचे सोटमूळ बुडख्याखाली कापले गेले तर वेल मरतो. पसरलेल्या फांद्यांना मुळे फुटत नाहीत ही एक मेहेरबानी. परंतु कपाशीच्या ओळीतच उगवलेला वेल हातानेच काढावा लागतो. तो कोवळा असतानाच काढला तर ठीक; फळ टणक झाल्यावर काढणारीच्या बोटांची चाळण होते. कोवळ्या पाल्याची भाजीही होते, आणि निंदणाहून परतणाऱ्या बाईच्या ओट्यात तरोट्याबरोबर सराट्याचा पाला असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडला जबर तडाखा दिला. भारतातील दुष्काळी अन्नाच्या नोंदींत सराट्याचा पाला आणि फळे दळून केलेले पीठ या दोहोंचा उल्लेख येतो. रसायन म्हणून वाखाणलेले द्रव्य भाकरीच्या जागी खाण्याची पाळी यावी, हा त्या काळचा विपर्यास होता.

वेचणीची पद्धत साधी आहे. पावसाळा संपल्यावर वेल पिवळा पडू लागतो तेव्हा तो मुळासकट उपटून वाळवितात, सारवलेल्या जागेवर काठीने झोडपतात आणि सुपाने पाखडून फळे वेगळी करतात. गळून पडलेली फळे झाडून किंवा जाड गोणपाट जमिनीवरून फिरवून त्यात रुतवून घेतात. हे काम बहुधा भूमिहीन स्त्रियांचे. आषाढ-श्रावणात मजुरीने जो वेल उपटून धुऱ्यावर फेकावयाचा, तोच कार्तिक-मार्गशीर्षात वेचून विकावयाचा. माल गावच्या दुकानदाराकडून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून काष्ठौषधींच्या मोठ्या पेठांत जातो. या प्रवासात त्याचे गाव, शेत व वेचणारीण यांचा पत्ता पुसला जातो.

याच वनस्पतीची परदेशातील कथा येथे थोडक्यात सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पोचली आणि रेल्वेच्या व मोटारींच्या रस्त्यांनी इतकी पसरली, की तिचा नायनाट करण्यासाठी १९६१ मध्ये इटलीहून मायक्रोलॅरिनस जातीचे दोन भुंगे आणून सोडण्यात आले. एक फळातील बिया खाणारा, दुसरा खोड पोखरणारा. हे भुंगे भारतातही आहेत. वेचलेल्या मालात बारीक छिद्र पडलेली पोकळ फळे सापडतात ती बहुधा त्यांची करणी. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांनी ही वनस्पती फार खाल्ली, तर यकृत बिघडून त्यांच्या कातडीला ऊन सोसत नाही. उलट बल्गेरियात १९८० नंतर तिच्यातील सॅपोनिन द्रव्यांपासून तयार औषध निघाले, ते खेळाडूंमध्ये गाजले, आणि जगभर सराट्याच्या अर्काला मागणी आली.

ही मागणी वाढत असता यवतमाळच्या शेतीत दुसराच पालट घडत होता. १९९० नंतर ज्वारीची जागा सोयाबीन घेऊ लागले. त्याच्या दाट ओळींत सराट्याला ऊन मिळत नाही, आणि तणनाशकांचा सर्रास वापर प्रथम याच पिकात रुळला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. पुढे तणनाशक सोसणारे, सरकारमान्यता नसलेले कापसाचे बियाणे विदर्भात पसरले. जून २०१९ मध्ये शेतकऱ्यांनी अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे पेरूनही दाखविले. निंदणाची मजुरी परवडत नाही आणि ऐन वेळी मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. परंतु फवारणीने निंदणाऱ्या बाईची मजुरी गेली, भाजी गेली आणि हिवाळ्यातील वेचणीही गेली. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारलेल्या धुऱ्यावरचा सराटा औषधासाठी घ्यावा काय, हा प्रश्न तेव्हापासून तरी व्यापाऱ्याने विचारावयास हवा होता.

नोव्हेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने औषधी वनस्पतींचे राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. लागवडीसाठी त्याने आरंभी निवडलेल्या अग्रक्रमाच्या वनस्पतींत सफेद मुसळी होती आणि विदर्भात तिची लागवड काही वर्षे फार गाजली. सराटा त्या यादीत नव्हता, आणि ते समजण्यासारखे आहे. रस्त्याकडेला फुकट मिळणाऱ्या वस्तूला अनुदान कोण देईल? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वर्षाला १०० टनांहून अधिक खप असलेल्या १७८ वनस्पती नोंदविल्या आहेत. त्यांपैकी ४६ वनस्पती रस्त्यांच्या कडा, पडीत जागा व शेतांचे बांध येथूनच येतात, असे तीत दाखविले आहे. सराट्याची जात ही. जंगल राखण्यास वनखाते आहे, पिकास कृषिखाते. धुऱ्यास कोणी नाही.

तेव्हा बियांपासून मुद्दाम लागवड हा मार्ग उरतो, आणि तो अशक्य नाही. मात्र बियांचा स्वभाव ओळखून वागावे लागते. चालू हंगामाची फळे घेऊ नयेत. निदान एक उन्हाळा पाहिलेली, कोरडी राखलेली घ्यावीत. ती हलक्या हाताने कुटून शकले वेगळी करावीत, जाड वाळूबरोबर घासावीत आणि रात्रभर पाण्यात भिजवावीत. पोकळ, छिद्रे पडलेली शकले तरंगतात, ती टाकून द्यावीत. पाऊस स्थिरावल्यावर, ओळींत दीड-दोन हातांचे अंतर राखून, बोटाच्या एका पेराहून अधिक खोल नाही अशी पेरणी करावी. सोटमूळ लवकर खोल जात असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावणे त्यास मानवत नाही. उगवण एकसारखी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. जागा पाणी साचणारी नसावी. काळ्या खोल जमिनीपेक्षा निचऱ्याची बरड जमीन बरी, आणि सुदैवाने तीच स्वस्त असते.

अडचण आहे ती दुसऱ्या वर्षी. ज्या तुकड्यात सराटा एकदा पेरला, त्या तुकड्यात तो पुढील काही वर्षे न पेरता उगवणार. भाडेपट्ट्याने जमीन करणाऱ्यास मालक हे करू देणार नाही, आणि शेजारीही कुरकुर केल्याशिवाय राहणार नाही. म्हणून ही लागवड शेताच्या मधोमध होणे कठीण. ती व्हावयाची तर धुऱ्यावर, गावाच्या पडीत जागेत, जेथे पुढे नांगर जाणार नाही अशाच ठिकाणी. म्हणजे सराटा पूर्वीपासून जेथे होता तेथेच, एवढाच फरक की आता तेथे फवारा मारू नये हे कोणीतरी ठरविलेले असेल.

तणनाशकाने मरते ते उगवलेले रोप. कवचातील दुसरी व तिसरी बी त्या वर्षी वाचते. यामुळे फवारणी सुरू झाल्यावरही पहिली काही वर्षे सराटा दिसत राहतो आणि काही बिघडले आहे असे वाटत नाही. परंतु रोप फळास येण्यापूर्वीच दरसाल मेले, तर मातीत नवी भर पडत नाही आणि साठा एकेका पावसाळ्याने उतरत जातो. वेचणारणीला हे बाजाराच्या आधी कळते. पूर्वी एका धुऱ्यावर जेवढी फळे मिळत, तेवढ्यांसाठी तिला आता चार धुरे हिंडावे लागतात.